नर-मादीचं पाणी बघायचं तर बोरी नदीचं कॅलेंडर धरा: सोलापूरहून नळदुर्गचा एक दिवस

जुलै उजाडला की सोलापुरातल्या प्रत्येक घरात धबधब्याची भूक लागते. फोनवर आंबोलीचे, ठोसेघरचे, माळशेजचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "एवढं लांब कशाला, आपलं नळदुर्ग आहे की जवळ." बोलणं खरं आहे. नळदुर्ग सोलापूरहून हैदराबाद रोडला जेमतेम ४५ ते ५० किलोमीटर. पण त्याच उत्साहात माणसं जुलैच्या रविवारी गाडी काढतात, किल्ल्यात जातात आणि समोर काळ्या दगडाची कोरडी भिंत बघून परत येतात. आम्हीही पहिल्यांदा असेच गेलो होतो, लहान मुलं आणि डबे घेऊन. मुलांनी "पाणी कुठंय?" असं विचारलं तेव्हा उत्तर नव्हतं. पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन जे कळलं ते इथे क्रमानं लिहितोय. तुमची फेरी वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच.

पहिली गोष्ट: हा धबधबा कसा चालतो ते समजून घ्या

नर-मादी हा डोंगरावरून पडणारा धबधबा नाही. बोरी नदीवर बांधलेल्या दगडी बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांवरून पडणारं हे पाणी आहे. एका सांडव्याला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. हा बंधारा नळदुर्गच्या मुख्य किल्ल्याला नदीपलीकडच्या रणमंडळ या छोट्या किल्ल्याशी जोडतो आणि याच बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन या स्थापत्यकारानं तो बांधला. म्हणजे विजापूरच्या गोलघुमटाच्याही आधीचं हे काम.

बोरी ही धाराशिव जिल्ह्याच्या बालाघाटातून निघून अक्कलकोट तालुक्यातून पुढे भीमेला मिळणारी नदी. तिला बारमाही पाणी नाही. त्यात आता किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते धरण भरून सांडायला लागलं, की मगच किल्ल्याच्या बंधाऱ्यावर भरपूर पाणी येतं आणि नर-मादी वाहायला लागतात. धरण भरलं नाही तर कितीही ढग दाटून येऊ देत, भिंत कोरडीच राहते. काही वर्षं अशीही जातात की धबधबा वाहतच नाही. दुष्काळी पट्ट्यातली नदी आहे, तिच्यावर रागावून उपयोग नाही.

म्हणून सह्याद्रीचं कॅलेंडर इथे लावू नका. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दहापट. आणि आपला पाऊस येतो तो उशिरा. आपल्याकडे सर्वांत जास्त पावसाचा महिना सप्टेंबर. शेतकरी माणसाला हे सांगावं लागत नाही. मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही नक्षत्रं बरसली तर आपली रब्बी ज्वारी येते, आणि तीच नक्षत्रं नर-मादीलाही पाणी देतात. तारखांत सांगायचं तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा मध्य. त्यातही हमखास काळ विचाराल तर मी उत्तरा आणि हस्त सांगेन, म्हणजे १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या आसपास. परतीचा पाऊस जोरात झाला तर दिवाळीपर्यंतही धार टिकते.

दुसरी गोष्ट: निघण्याआधी चौकशी

गाडीची हवा तपासण्याआधी पाण्याची चौकशी करा. "बोरी धरण शंभर टक्के भरले" ही बातमी सोलापूरच्या आणि धाराशिवच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येते. ती आली की धबधबा सुरू झाल्याची बातमी एक-दोन दिवसांत मागोमाग येतेच. नळदुर्ग, अणदूर, जळकोट, उमरगा या बाजूचं कुणी ओळखीचं असेल तर सरळ फोन लावा. सोलापुरात प्रत्येकाचा एकतरी पाहुणा त्या पट्ट्यात असतोच. प्रश्न नेमका विचारा: "सांडव्यावरून पाणी पडतंय का, आणि पाणी महालात सोडतायत का?" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी फार जोरात असेल तेव्हा महालाचं दार बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

फोनवर दिसणाऱ्या व्हिडिओवर भरवसा ठेवू नका. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज सकाळचा म्हणून फिरत असतो.

वार निवडणं हा चौकशीचाच भाग आहे. धबधबा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन रविवारी किल्ल्यात पाय ठेवायला जागा नसते. शक्य असेल तर बुधवारी जा, सकाळी. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, मराठवाड्यात सुट्टी असते, त्या दिवशीही गर्दी होते. फेरीला तुळजापूर जोडायचं असेल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. अक्कलकोट जोडायचं असेल तर गुरुवार टाळा, किंवा दर्शनासाठीच जात असाल तर तो मुद्दाम धरा. आणि एक गोष्ट बाहेरगावच्या लोकांच्या लक्षात येत नाही: ऐन धबधब्याच्या दिवसांतच नवरात्र येतं. कोजागरी पौर्णिमेला तर सोलापूरहून लाखो माणसं तुळजापूरला चालत जातात. त्या दिवसांत तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात. तेव्हा तुळजापूरमार्गे नळदुर्गला जायचा बेत करू नका. हैदराबाद रोडनंच जा आणि त्याच रस्त्यानं या.

तिसरी गोष्ट: रस्ता

स्वतःच्या गाडीनं एक तास धरा. सोलापूर सोडलं की बोरामणी, मग पुढे इटकळ करत महामार्ग सरळ नळदुर्गला नेतो. बोरामणीच्या आसपास दोन्ही बाजूंना माळरान आहे. पाऊस झाल्यावर हे माळ गवतानं हिरवे होतात, आणि सकाळी लवकर निघालात तर काळवीट दिसायची शक्यता असते. पाच मिनिटं थांबायचं असेल तर गाडी महामार्गाच्या कडेला उभी करू नका, एखाद्या फाट्यावर आत घ्या. या रस्त्यावर हैदराबादच्या मालट्रकची वर्दळ दिवसरात्र असते.

दुचाकीनं जाणाऱ्यांना एकच सांगणं आहे. महामार्ग कोरडा दिसला तरी शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती जागोजागी सांडलेली असते. तिच्यावर पाऊस पडला की ती साबणासारखी होते. वळणावर ब्रेक लावू नका.

एसटीनं जाणं सोपं आहे. सोलापूर बसस्थानकावरून उमरग्याकडे जाणाऱ्या गाड्या नळदुर्गवरून जातात. हैदराबादच्या लांब पल्ल्याच्या गाडीत बसणार असाल तर चढण्याआधी वाहकाला विचारून घ्या, "साहेब, नळदुर्ग स्टँडला थांबते का?" नाहीतर गाडी तुम्हाला महामार्गावर उतरवून निघून जाईल. बसस्थानकातून किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुणालाही "किल्ला?" म्हणून विचारा, हात करून दाखवतील. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच फलकावर किंवा खिडकीवर बघून ठेवा. संध्याकाळी थकलेली मुलं घेऊन दीड तास ताटकळण्यापेक्षा ते बरं.

चौथी गोष्ट: पिशवीत काय

फार काही नको, पण जे लागतं ते खरोखर लागतं. तळव्याला खाचा असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल हवी. साधी चप्पल नको, शेवाळ धरलेल्या पायऱ्यांवर ती पहिल्या पावलाला दगा देते. बॅटरी हवी, म्हणजे हातातली टॉर्च. मोबाइलचा उजेड चालतो, पण एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात मूल असं झालं की भिंत धरायला हात उरत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. धबधबा बघायला जातोय म्हणून पाणी नेत नाहीत आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात बुरुजावर जीव कासावीस होतो. किल्ला मोठा आहे, सावली थोडी आहे.

टॉवेल न्याच. सोलापूरकराला टॉवेल न्या म्हणून सांगावं लागू नये. पाण्यात उतरायचं नसलं तरी तुषारांनी माणूस ओला होतो.

जेवण घरून न्या. या सहलीला आपलं जेवणच सर्वांत चांगलं: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, एखादी शेंगापोळी. कडक भाकरी दिवसभर खराब होत नाही, सांडत नाही, आणि किल्ल्यात प्लास्टिकचा कचराही होत नाही. जेवायला बसायचं ते किल्ल्याच्या आतल्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या काठावर नाही. उरलेलं सगळं परत घेऊन या. बोरीचं हे पाणी खाली अक्कलकोट तालुक्यातल्या गावांना जातं. तुम्ही टाकलेली पिशवी त्यांच्या वाट्याला जाते.

पाचवी गोष्ट: किल्ल्यात शिरल्यावर आधी कुठे

दाराशी तिकीट काढा आणि तिथेच पुन्हा एकदा विचारा, महाल उघडा आहे का. उघडा असेल तर आधी थेट पाणी महालाकडे चला. बहुतेक लोक दारापासून सुरुवात करून एकेक इमारत बघत जातात आणि दुपारी बाराला, ऐन गर्दीत, महालाच्या जिन्यावर पोहोचतात. तुम्ही उलटं करा. सकाळी नऊ-साडेनऊला महाल गाठलात तर तिथे दहा-पंधरा माणसंच असतील, आणि हा महाल कमी माणसांतच बघायचा असतो.

बंधाऱ्यावर आलात की आधी वरून बघा. एका अंगाला साठलेलं शांत पाणी, दुसऱ्या अंगाला खोल दरी. मधून तुम्ही चालताय ती जागा एकाच वेळी धरण आहे, पूल आहे, तटबंदी आहे आणि राजवाडाही आहे. मला या बांधणीचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते इथेच. किल्ला बोरीच्या वळणातल्या काळ्या बेसाल्टच्या पठारावर आहे. नदीनं त्याला नैसर्गिक खंदक दिला, पण पाणी आटलं की तो खंदक राहत नाही. बंधारा बांधून पाणी अडवलं, म्हणजे किल्ल्याच्या बाजूला कायमचा जलाशय झाला, रणमंडळाकडे जायला वाट झाली, आणि शत्रूला नदीतून येणं अवघड झालं. हे सगळं एका भिंतीत बसवल्यावर स्थापत्यकाराला वाटलं असणार, की आता या भिंतीच्या आत बसून पाणी पडताना बघताही यायला हवं.

मग जिन्यानं खाली उतरा. हळू. पायऱ्या अरुंद आहेत, ओल्या असतात, उजेडातून एकदम अंधारात गेल्यामुळे डोळ्यांना अर्धा मिनिट काही दिसत नाही. पहिल्या वळणावर थांबा, डोळे सरावू द्या, मग पुढचं पाऊल. वरून उतरणाऱ्यानं खालून चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, कारण चढणारा दमलेला असतो. आत वटवाघळांचा वास येतो, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाहीत.

खाली महालाच्या दालनात आलात की खिडकीशी जा. पाणी तुमच्या डोक्यावरून जात असतं. छताच्या वर सांडव्याचा माथा आहे. तिथून पाणी पुढे झेप घेतं आणि खिडकीसमोरून पडद्यासारखं खाली जातं. आत थेंब येत नाही, येतात ते वाऱ्यानं उडालेले तुषार. चारशे वर्षं हे चालू आहे. भिंतीला हात लावलात तर पाण्याचा थरथराट तळव्याला जाणवतो. इतर धबधब्यांपुढे आपण उभे राहतो. इथे आपण धबधब्याच्या आत, त्याच्या पाठीशी असतो. हा फरक कुठल्याच फोटोत येत नाही, म्हणून निदान पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. दालनात फारसी शिलालेख आहे, तोही उजेड टाकून बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी दगडात ती किती नेमकी उतरवली आहेत ते कळतं. त्यावर हात फिरवू नका, हाताच्या तेलकटपणानं दगड खराब होतो.

खिडकीच्या कट्ट्यावर मुलांना बसवून फोटो काढणारे आईबाप मी बघितले आहेत. कृपा करून असं करू नका. कट्टा ओला असतो आणि खाली आधाराला काही नसतं. मूल तुमच्या हातात असेल तेवढंच ते सुरक्षित. तसंच बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी आपटतं, तिथे दगडांवर उतरून आंघोळ करायचा मोह टाळा. वर धरण आहे. वरच्या भागात पाऊस झाला की विसर्ग वाढतो, आणि तुमच्या डोक्यावर ऊन असताना पाणी चढतं. पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला किंवा काड्या-पाला वाहून यायला लागला तर तीच सूचना समजा आणि मागे या.

महाल बंद असेल तर हिरमुसू नका. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूनं, किल्ल्याच्या तटावरून दोन्ही धारा समोरून पूर्ण दिसतात. नर आणि मादी दोघांना एका नजरेत बघायचं तर तीच जागा बरी.

सहावी गोष्ट: बाकीचा किल्ला, आणि आभाळाकडे एक डोळा

महालानंतर उपळी बुरूज. किल्ल्यातली ही सर्वांत उंच जागा. वर दोन लांब तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ. मगर तोफेचं तोंड बघितलं की नाव का पडलं ते मुलंच तुम्हाला सांगतील. वरून बोरीचं सगळं वळण, जलाशय, रणमंडळ, गाव आणि पलीकडची काळी शेतं दिसतात. सप्टेंबरमध्ये तुरी-सोयाबीन उभं असतं आणि काही रानं ज्वारीच्या पेरणीसाठी मोकळी ठेवलेली असतात. हिरवं-काळं असं ठिगळ ठिगळ दिसतं.

पण एक इशारा, आणि हा मला फार महत्त्वाचा वाटतो. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. सकाळ लख्ख असते, दोन वाजता पूर्वेला किंवा दक्षिणेला ढग उभा राहतो आणि तीनला गडगडाट सुरू. अशा वेळी उघड्या उंच बुरुजावर, लोखंडी किंवा पंचधातूच्या तोफेजवळ उभं राहणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. पहिला गडगडाट ऐकू आला की खाली उतरा, झाडाखाली थांबू नका, दगडी छताच्या इमारतीत जा. म्हणूनच बुरूज दुपारी दोनच्या आत आटोपा.

खाली उतरल्यावर नवबुरूज बघा. नऊ पाकळ्यांचा हा बुरूज बाहेरून बघितला की दगडाचं फूल वाटतं. प्रत्येक पाकळीमुळे मारा करायला वेगळी दिशा मिळते आणि समोरून आलेला गोळा वळणावर घसरतो. किल्ल्याला शंभराहून जास्त बुरूज आहेत, सगळे बघायचे म्हटले तर दिवस पुरत नाही. अंबरखाना, बारादरी, जामा मशीद वाटेत येतील तशा बघा. माझं मत विचाराल तर घाईघाईत दहा इमारती बघण्यापेक्षा महाल, उपळी आणि नवबुरूज या तीनच नीट बघाव्यात.

या किल्ल्याचं आणि सोलापूरचं नातं जुनं आहे, ते वाटेत मुलांना सांगा. मूळ किल्ला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातला मानतात, मग बहमनी, मग आदिलशाही. विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या भांडणात सोलापूर आणि नळदुर्ग हे दोन किल्ले सारखे हात बदलत राहिले. आज दिसणारी दगडी तटबंदी बरीचशी पहिल्या अली आदिलशहाच्या काळातली. १६८६ मध्ये विजापूर पडलं आणि हा मुलूख औरंगजेबाकडे गेला, पुढे हैदराबादच्या निजामाकडे. १८५३ ते १८६० ही सात वर्षं नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे होता आणि मेडोज टेलर हा अधिकारी इथून कारभार बघायचा. आज तालुक्याचं ठिकाण नसलेलं हे गाव तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं.

आणि १९४८. हैदराबादच्या पोलीस कारवाईतली मुख्य चढाई १३ सप्टेंबरला सुरू झाली ती सोलापूरहूनच. तुम्ही ज्या रस्त्यानं आलात त्याच रस्त्यानं भारतीय सैन्य गेलं. पहिली लढाई नळदुर्गला झाली. बोरीवरचा पूल उडवला जाण्याआधी तो सैन्यानं शाबूत ताब्यात घेतला आणि पुढची वाट मोकळी झाली. त्या दिवशी शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग नळदुर्गजवळ धारातीर्थी पडले, त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आपल्या पिढीला हैदराबाद रोड म्हणजे फक्त ट्रक आणि ढाबे. बोरी ओलांडताना पुलावर क्षणभर तरी त्या जवानाची आठवण काढावी असं मला मनापासून वाटतं.

सातवी गोष्ट: गाव

किल्ला बघून थेट गाडीत बसू नका. नळदुर्ग हे नदीकाठचं बाजाराचं गाव आहे. बसस्थानकाच्या बाजूला चहा, भजी, मिसळ मिळते. चहाच्या टपरीवर बसलात की हमखास विचारतात, "सोलापूरचे का?" आपल्या बोलीवरून लगेच ओळखतात. त्यांची बोलीही आपल्याहून फार वेगळी नाही, मराठीत उर्दू आणि कानडीची चव मिसळलेली. टपरीवरच्या काकांना विचारा, यंदा धरण कधी भरलं, मागच्या वर्षी पाणी होतं का. तुम्हाला पुढच्या वर्षाचा सगळा हिशोब तिथे मिळतो. मी माझ्या चुका अशाच एका टपरीवर बसून सुधारल्या. तिथल्या मावशींनीच सांगितलं होतं, "जुलैत कशाला येता ओ, गौरी-गणपती होऊ द्या, मग या."

नळदुर्गचं मैलारपूर हे खंडोबाचं ठाणं आहे. इथली गोष्ट वेगळी आहे: देवाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, मैलारपूरच्या देवळात. दोन गावांनी एक देव वाटून घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या हा करार पाळला. पावसाळ्यात गेलात तर देव अणदूरला असतो. अणदूर याच महामार्गावर, नळदुर्गजवळच आहे, तिथे दर्शन घेता येतं. पण म्हणून मैलारपूरचं रिकामं देऊळ वगळू नका, नदीकडची ती जागा शांत आहे.

आठवी गोष्ट: परत येताना

किल्ला अंधार पडायच्या आत सोडा आणि महामार्गही शक्यतो उजेडातच संपवा. साडेचारला निघालात तर सहापर्यंत सोलापुरात.

एकाच दिवसात मोठी फेरी करायची असेल तर क्रम असा ठेवा: पहाटे सोलापूरहून तुळजापूर, तिथून दर्शन घेऊन नळदुर्ग, मग अक्कलकोट, आणि रात्री सोलापूर. सगळं मिळून साधारण १६० किलोमीटर होतात. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर ही फेरी करू नका. तुळजापूरच्या पायऱ्या उतरून-चढून झाल्यावर पाणी महालाचा जिना त्यांना झेपत नाही, आणि मग ते वर बंधाऱ्यावर एकटे बसून राहतात. त्यांच्यासाठी नळदुर्गचा दिवस वेगळा काढा. महालात उतरता आलं नाही तरी बंधाऱ्यावरून पाणी बघता येतं. आमच्या आईनं तसंच बघितलं, छत्री टेकून उभं राहून, आणि परत येताना गाडीत बराच वेळ कुणाशी बोलली नाही.

दुसरी फेरी

एक सूचना राहिली. ज्याला हा महाल खरोखर समजून घ्यायचा आहे त्यानं तो दोनदा बघावा, एकदा पाण्यात आणि एकदा कोरडा. पाणी असताना आवाजामुळे आणि तुषारांमुळे बांधकामाकडे लक्ष जात नाही. कोरड्या दिवसांत मात्र सांडव्याच्या माथ्याचा उतार, पाणी भिंतीपासून दूर फेकायची युक्ती, दालनाच्या छताची जाडी, खिडक्यांचं माप हे सगळं निवांत बघता येतं. त्यासाठी पौष महिना धरा. हवा थंड असते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हुरड्याचे दिवस असतात. आणि पौष पौर्णिमेला मैलारपूरला खंडोबाची मोठी यात्रा भरते, कारण तेव्हा देव नळदुर्गात असतो. यात्रेच्या दिवशी गाडी गावाबाहेरच लावावी लागते, सकाळी दहाच्या आत पोहोचलात तर जागा मिळते. आधी दर्शन घ्या, मग किल्ल्यात जा. भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात मात्र महालात उतरण्याआधी धुऊन घ्या, शिलालेखाचा दगड काळाच राहू दे.